पेच कोणाचा? गुन्हेगारी चित्रपट आणि पंचनाम्यावरची सही

गुन्हेगारी चित्रपटांवर मराठीत जे काही लिहिले जाते त्यात ‘नैतिक पेच’ हा शब्द ठरलेला असतो. फौजदाराने कायदा पाळावा की हिशेब चुकता करावा, वकिलाने अशिलाचे ऐकावे की सत्याचे, सज्जन गृहस्थाने मुलीला वाचवण्यासाठी प्रेत पुरावे की पोलिसांत जावे, अशा पेचांची चर्चा आपले समीक्षक मोठ्या आवडीने करतात. निशिकांत कामत यांचा २०१५ चा ‘दृश्यम’ हा गोव्यातल्या अशाच एका गृहस्थाचा चित्रपट आहे, आणि त्याच्या बाजूने उभे राहताना चित्रपटगृहातील कोणालाही अवघड वाटत नाही. माझा प्रश्न साधा आहे. हा पेच पडतो कोणाला? पेच पडायचा तर माणसापुढे निदान दोन वाटा असाव्या लागतात. ज्याच्यापुढे एकच वाट ठेवलेली आहे त्याला पेच पडत नाही. त्याच्यावर फक्त प्रसंग येतो. आणि चित्रपटातल्या माणसांत या दोन वाटा कोणी कशा वाटल्या, हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नसून इतिहासाचा आहे, असे मला म्हणावयाचे आहे.

चौक हे माझे गाव. खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. इथूनच कर्जतकडे फाटा फुटतो. २००५ साली जवळच नितीन देसाई यांचा स्टुडिओ उभा राहिला, ‘जोधा अकबर’चे महाल आमच्या माळावर उठले आणि गावातली पोरे गर्दीत उभी राहण्यासाठी रोजावर जाऊ लागली. त्याआधी आमच्या बौद्धवाड्यात सिनेमा म्हणजे जयंतीच्या आदल्या रात्री भाड्याने आणलेला टीव्ही आणि व्हीसीडी. मी सातवी-आठवीत असताना अशाच एका रात्री कोणीतरी ‘पोलिसांची पिक्चर’ म्हणून ‘अर्धसत्य’ आणली. मारामारीला पोरांनी शिट्ट्या मारल्या, पुढे अर्धा वाडा झोपी गेला. माझे वडील जागे होते. ते खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते, शाळा चौथीपर्यंत. चित्रपट संपल्यावर ते एवढेच म्हणाले, “तो मेला तो कोणाचा होता?” मला वाटले, ते रामा शेट्टीबद्दल विचारताहेत. ते रामा शेट्टीबद्दल विचारत नव्हते.

‘अर्धसत्य’ १९८३ चा. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, गोविंद निहलानींनी दिग्दर्शन केले, ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फौजदार अनंत वेलणकर व्यवस्थेने पुरता नामर्द करून टाकलेला आहे. त्याचे श्रेय दुसऱ्याला दिले जाते, गुंड नगरसेवकपदाच्या वाटेवर आहे. त्या संतापात तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मारता मारता ठार करतो. मग त्याच्यापुढे पेच उभा राहतो: वाचण्यासाठी ज्याचा तिरस्कार केला त्याच गुंडाच्या पायरीवर जावे की काय? हा पेच खरा आहे, ओम पुरींनी तो जिवंत केला आहे, आणि तो पाहताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. पण वडिलांचा प्रश्न तसाच राहतो. तो चोर कोणाचा होता? त्याच्या घरी कोणी होते का? प्रेत कोणाच्या ताब्यात दिले? हे कळण्याची सोय चित्रपटात नाही. एक माणूस मरतो तो दुसऱ्या माणसाला पेच पडावा म्हणून. वेलणकरच्या शोकांतिकेला लागणारे ते सरपण आहे. पडद्यावर ज्याला घर नाही, त्याच्यासारख्यांची घरे आमच्या वाडीच्या पलीकडे आहेत, हे वडिलांना माहीत होते.

हा दोष एकट्या निहलानींचा नाही. सिडनी ल्युमेट यांचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ घ्या, ज्याचा बासू चटर्जींनी १९८६ साली ‘एक रुका हुआ फैसला’ केला. बारा पंच एका खोलीत बसून ठरवतात की झोपडपट्टीतल्या मुलाने बापाचा खून केला की नाही. न्यायावरचा इतका चांगला चित्रपट क्वचित सापडेल. पण मूळ चित्रपटात तो मुलगा सुरुवातीला क्षणभर दिसतो आणि एक शब्दही बोलत नाही. बाराजणांच्या सदसद्विवेकाची कसोटी म्हणून तो आहे.

आपल्याकडे ज्या खटल्यानंतर ज्यूरीची पद्धत मोडीत निघत गेली त्या नानावटी खटल्याचीही तीच कथा, फक्त तिथे आरोपीच प्रतिष्ठित होता. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. गणवेशातल्या देखण्या, सुसंस्कृत अधिकाऱ्याने खून केला याचे दुःख मुंबईच्या वृत्तपत्रांना आवरेना. ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३), ‘अचानक’ (१९७३), ‘रुस्तम’ (२०१६) असे तीन चित्रपट या एका माणसाच्या पेचावरून निघाले.

आता दुसरा खटला. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतावर दरोडा पडला, पाच खून झाले, बलात्कार झाले. अत्यंत क्रूर गुन्हा. पकडले कोण? भटक्या जमातीतले सहाजण. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सहाही जणांवर लादली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही तोवर निष्पन्न झाले होते. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते. तो धागा धरलाच गेला नाही. सोळा वर्षांची भरपाई म्हणून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. यावर निघालेला चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. का नसावा? रहस्य आहे, खून आहेत, फास अगदी गळ्यापर्यंत आलेला आहे. जे नाही ते एवढेच की, या सहाजणांकडे पाहताना प्रेक्षकाला ‘त्याच्या जागी मी असतो तर’ असे वाटत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या यादीतून त्यांची सुटका झाली, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जो जन्मतःच गुन्हेगार, त्याला गुन्हा करावा की नाही असा पेच कसा पडणार? चित्रपटाने कायद्याची ती जुनी यादी कधी वाचली नसेल, पण ती त्याला तोंडपाठ आहे.

एक चित्रपट मात्र या सर्वांहून निराळा आहे, आणि माझे भांडण खरे त्याच्याशी आहे. १९८० चा ‘आक्रोश’. पुन्हा निहलानी आणि तेंडुलकर. आदिवासी लहान्या भिकूवर आपल्या बायकोच्या, नागीच्या खुनाचा आरोप आहे. खरा गुन्हा गावातल्या सत्ताधाऱ्यांचा: नागीवरचा बलात्कार. वकील भास्कर कुलकर्णी सत्य शोधत फिरतो. भिकू तोंड उघडत नाही. शेवटी बापाच्या अंत्यविधीला बेड्यांसह आणलेला भिकू कुऱ्हाड उचलतो आणि आपल्याच बहिणीला मारतो, कारण तिच्या वाट्याला काय येणार हे त्याने पाहिलेले आहे. मगच त्याचा कंठ फुटतो.

त्या वर्षांतली हवा लक्षात घेतली पाहिजे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, तिने प्रतिकार केला नाही, ओरडली नाही, असे म्हणत. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला. मथुरेचे न ओरडणे हा तिच्याविरुद्ध पुरावा ठरला. ‘आक्रोश’मध्ये भिकूचे न बोलणे ही त्याची महानता ठरते. दोन्हीकडे मुके कोण आहे, हे पहावे.

तेंडुलकरांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण भिकूपुढे त्यांनी दोनच गोष्टी ठेवल्या, मौन आणि कुऱ्हाड. शोध, शंका, भीती, पश्चात्ताप हे सगळे कुलकर्णीच्या वाट्याला. आणि तरीही या चित्रपटात एक माणूस असा आहे की जो आमच्या समीक्षेने नीट पाहिलेलाच नाही: सरकारी वकील दुसाने. अमरीश पुरींनी केलेला. दुसाने स्वतः आदिवासी आहे. शिकला, वर आला, गावातल्या बड्यांबरोबर पत्ते खेळतो. निनावी फोनवरून येणाऱ्या शिव्या ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात भिकूविरुद्ध उभा राहतो, कायद्याची भाषा बोलत. आम्ही त्याला ‘विकला गेलेला’ म्हणून मोकळे झालो. मीही विद्यार्थी असताना एका परिसंवादात हेच जोरात बोललो होतो, टाळ्याही मिळाल्या होत्या. खरा पेच मात्र त्याचाच आहे. कुलकर्णी हरला तरी कुलकर्णीच राहतो. दुसाने एक शब्द चुकीचा बोलला की पुन्हा फोनवरची ती शिवी होतो. आमच्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराचे इतके नेमके चित्र त्या काळी दुसरे कोणी काढले नव्हते, आणि ते काढून त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवून ठेवले.

हे मला कळले ते पुस्तकांतून नव्हे.

२०१३ साली मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातल्या एका गावात खोली घेऊन राहत होतो. गावाचे नाव सांगत नाही, त्या माणसाला पुन्हा कोणी शोधत जाऊ नये. एका फार्महाऊसच्या विहिरीवरची पाण्याची मोटार आणि तांब्याची वायर चोरीला गेली. चार दिवसांनी सकाळी पोलीस आले आणि हवालदार मला म्हणाले, “सर, दोन मिनिटं. पंच म्हणून पाहिजे. शिकलेला माणूस असला की बरं.” खाकीतल्या माणसाने मला ‘सर’ म्हटल्याची ती पहिली वेळ. माझ्या वडिलांना तशा माणसाने कधी नावानेही हाक मारली नव्हती. मी गेलो. कातकरीवाडीच्या तोंडाशी जीप उभी होती. मोटार मी पहिल्यांदा पाहिली ती जीपच्या मागच्या भागात, पोत्याखाली. झोपडीपर्यंत मी गेलो नाही, मला कोणी नेलेही नाही. बॉनेटवर कागद ठेवून मला सही दाखवली. आरोपीने आपल्या राहत्या झोपडीतून मुद्देमाल आम्हा पंचांसमक्ष काढून दिला, असे त्यात लिहिले होते. मी ते वाचले. वाचता येत होते म्हणूनच तर बोलावले होते. सही केली.

तो माणूस खाली मातीत बसला होता. भिकूसारखाच गप्प. त्याची सायकलही मुद्देमाल म्हणून जीपच्या टपावर चढवली, चोरीचा माल तिच्यावरून नेला म्हणे.

नंतर मी कायदा वाचला. १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नसे; पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालत असे. म्हणजे गरिबाविरुद्धचा चोरीचा खटला बहुतेक वेळा वस्तू ‘सापडण्यावर’ उभा असतो, आणि सापडणे हे पंचाच्या सहीवर. हे पंच कोण असावेत? १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम १०३ मध्ये, पुढे १९७३ च्या संहितेच्या कलम १०० मध्येही, झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत असे होते. प्रतिष्ठित! गावाबाहेर राहणाऱ्याला कायद्याने झडतीचा आरोपी धरले आणि गावात राहणाऱ्याला साक्षी. आमच्या आजोबांना त्या कलमाने कधी बोलावले नसते. मला बोलावले. शंभर-सव्वाशे वर्षांत आमच्या घरात कायद्याच्या लेखी प्रतिष्ठित ठरलेला मी पहिला माणूस, आणि त्या प्रतिष्ठेचा पहिला उपयोग एका कातकऱ्याविरुद्ध झाला. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आहे. तिने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले आहे. पंच तरीही आहेत, आणि कॅमेरा नेमका कुठे धरायचा हे तो धरणाऱ्याच्या हातात आहे. हे निदान चित्रपटाच्या अभ्यासकाला सांगायला नको.

मौन आणि कुऱ्हाड यांपलीकडे तिसरे काही आपल्या इतिहासात नव्हते काय? होते, आणि तेही आमच्याच जिल्ह्यात. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. मार खाल्लेले लोक उलट मारायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि फिर्याद गुदरली, हल्लेखोरांतल्या काहींना शिक्षाही झाली. डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला हजारो माणसे सत्याग्रहासाठी जमलेली. हुकूम मोडावा की थांबावे? हा पेच किती मोठा होता याची कल्पना आज करवत नाही. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवायला सांगितले आणि खटला लढवला. तो १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. दहा वर्षे कैफियती, साक्षी, उलटतपासण्या. ज्यांनी बोलायचे नाही असा धर्माचा दंडक होता, त्यांच्या वतीने कोर्टात बोलले गेले आणि ते लिहून घेतले गेले. हा कोर्टपट कोणाला सुचला नाही. कदाचित त्यात मुका माणूस नाही म्हणून.

अलीकडे काही बदलले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) नारायण कांबळे हा शाहीर स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि ते काम वीरा साथीदार या खऱ्याखुऱ्या कार्यकर्त्याने केले, २०२१ साली कोरोनाने त्यांचा बळी घेतला. त्यात पोलिसांचा ठेवणीतला साक्षीदार पिंजऱ्यात येतो, खटल्याखटल्यांत तोच. चित्रपटगृहात लोक त्याला हसले. मला हसू आले नाही. तरीही कॅमेरा बचाव पक्षाच्या वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंच्या घरी जातो, न्यायाधीशाबरोबर सहलीला जातो. आरोपीचा संसार मात्र बाहेरच राहतो. २०२१ च्या तमिळ ‘जय भीम’ने कोठडीत मेलेल्या माणसाचे घर दाखवले, त्याच्या बायकोला चालवले, बोलवले, वडिलांच्या प्रश्नाला मिळालेले ते पहिले उत्तर. पण १९९३ साली प्रत्यक्षात मेलेला राजाकण्णू कुरवर समाजाचा होता आणि पडद्यावरचा इरुळर आहे. एका जमातीला घर मिळाले ते दुसरीच्या मरणावर. आणि शेवटी तारून नेणारा वकीलच.

माझी साक्ष २०१७ साली लागली. तो माणूस जामीनदार नव्हता म्हणून आधी साडेतीन महिने आत राहून आलेला. त्याच सुमारास माझ्या कायम नेमणुकीची फाईल पुढे सरकत होती आणि तिला पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागणार होता. कोर्टाच्या आवारात एका शिपायाने चहा पाजताना याची आठवण करून दिली; धमकी नव्हती ती, चौकशी होती. पिंजऱ्यात चढलो. सही माझी का? माझी. झोपडीतून माल काढला तेव्हा तुम्ही हजर होता का? मी म्हणालो, “चार वर्षं झाली. आता नीट आठवत नाही.”

खरे सांगितले असते तर सरकारी वकिलांनी मला फितूर घोषित करून घेतले असते. खोटे सांगितले असते तर त्याला शिक्षा झाली असती. मी दोन्ही केले नाही. कुलकर्णीसारखा लढलो नाही, दुसानेसारखा उभाही राहिलो नाही. दुसरा पंच सापडलाच नाही, मालकाला मोटारीचा नंबर सांगता आला नाही, आणि पुराव्याअभावी तो सुटला. त्यात माझा वाटा काही नाही. दाखला मला वेळेवर मिळाला.

निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. त्याच्याशी काहीतरी बोलावे असे ठरवून गेलो होतो, काय ते ठरले नव्हते. तोच जिन्यापाशी माझ्याजवळ आला. मी कोण, हे त्याला ठाऊक होते. पिंजऱ्यात त्याने मला पाहिले होते, आणि त्या सकाळी जीपजवळही. त्याने विचारले, “मास्तर, सायकल कवा देतील?”

अर्ज करावा लागेल, असे मी सांगितले. मग तिथल्याच बाकावर बसून मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज मी त्याला लिहून दिला. खाली त्याने अंगठा उठवला. अंगठा ओळखणारा म्हणून एक सही लागत होती.